दत्तूकाकांचे न दिसणारे बुडबुडे

दत्तूकाकांकडे गेलं की ते हातात पाण्याचा ग्लास देतात. प्यायला नाही, बघायला.

"काय दिसतंय?"

"पाणी."

"बुडबुडे?"

"नाही दिसत."

"झालं तर! दिसले असते तर ते मोठे असते."

रामवाडीतले हे आमचे शेजारी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत जन्मभर शिफ्टा करून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, काकांनी नळाला एक नळकांडं बसवून घेतलं. त्यातून म्हणे इतके बारीक बुडबुडे निघतात की ते वर येऊन फुटतच नाहीत. पाण्यातच राहतात आणि मळ सोडवतात. "साबण लागत नाय, काय नाय!" हे काकांचं पालुपद. भाजी त्याच पाण्यात, चष्मा त्याच पाण्यात, सायकलची चेनसुद्धा. निडी गावच्या मेहुण्याला वालाचं बियाणं भिजवायला त्यांनी एसटीतून कॅन भरून नेला. पीक निघाल्यावर मेहुणा म्हणाला, "दरसालसारखंच आलंय." काका खूश. "बघा, बिघडलं नाय!"

एकदा आमची सुकट त्यांनी हौसेने धुऊन दिली. कालवण झालं, पण घरात कुणाला पत्ताच लागला नाही. बायको कडाडली, "अहो काका, वासच गेला तर खायचं काय?"

"अगो, आता शाकाहारी पाव्हणापण जेवंल!"

घ्या!

काका एवढं बोलायचे, पण काकूंचा विषय कधी काढत नसत. काकूंना सोरायसिस. अंगभर चट्टे, डॉक्टरांनी साबण बंद केलेला, नुसतं पाणी लागलं तरी झोंबायचं. हळदीकुंकवाला बायका लांबूनच बोट टेकवायच्या, म्हणून काकूंनी तिथं जाणंही सोडलं होतं.

परवा सकाळी, त्यांनी पाणी भरून आमच्याकडे दिलेला कॅन परत करायला मागच्या दाराने गेलो. पडवीत काकू स्टुलावर बसल्या होत्या आणि काका उकिडवे बसून त्यांचा पाय धूत होते. अगदी हळू, बोटांच्या बेचक्यांतून.

"झोंबतंय काय गो?"

"नाय."

काका खुलले. "साबण लागत नाय, काय नाय!" मला ऐकवून ते बादली भरायला आत गेले.

"गुण आला म्हणायचा, काकू," मी म्हणालो.

"कसला गुण? झोंबतंय की अजून." काकूंनी आतल्या दाराकडे बघितलं. "पण त्यांना सांगू नका हां. मला दुखंल म्हणून हात लावायला भ्यायचे ते. मलमाची डबी उशाशी ठेवून बाहेर जाऊन बसायचे. हे पाणी आलं तेव्हापासून हात लावतात."

मी कॅन पडवीच्या कोपऱ्यात ठेवला.

तेवढ्यात काका बादली घेऊन आले. काकूंनी दुसरा पाय पुढे केला.