चार चिमटे आणि एक झाकण

रिटायर होऊन महिनाही झाला नव्हता, तोच हेडक्लार्कनी ठरवलं की आपल्या जुन्या बार्बेक्यू टीमचं ऑनलाइन पेज काढायचं. निर्णय एवढासाच होता. पण बत्तीस वर्षं पाणीपुरवठा ऑफिसातल्या फायली सांभाळलेला हा माणूस. त्यांनी साधं कपाट आवरायला घेतलं, तरी घरच्यांनी चार दिवस माहेरी जाऊन राहावं, असा त्यांचा लौकिक होता.

टीमचं नाव 'चार चिमटे'. वायरमन, दातांचे डॉक्टर, पीटीचे मास्तर आणि स्वतः हेडक्लार्क. वीस वर्षांपूर्वी दर रविवारी हेडक्लार्कच्याच घराच्या मागच्या अंगणात शेगडी पेटायची. जुन्या पिंपातून ती वायरमननेच बनवली होती. मास्तर शिट्टी फुंकून कोळसे घालायला लावायचे आणि डॉक्टर कोंबडीची तंगडी दाढ तपासावी तशी उलटसुलट करून बघायचे. मग बदल्या झाल्या, गुडघे कुरकुरायला लागले आणि रविवार नुसते रविवार राहिले. पेज निघालं की सगळीकडच्या हौशी टीम बघतील, असं हेडक्लार्क भेटेल त्याला सांगत. ते तिघं बघतील आणि पुन्हा येतील, हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

पेजला तीन आठवडे लागले. (घाईत काम करून ते कधी हेडक्लार्क झाले नव्हते.) अल्बममधल्या प्रत्येक फोटोखाली त्यांनी लिहिलं, 'फोटो क्र. १७. विषय : कोळसे पेटवण्याबाबत. उपस्थित : वायरमन.' स्वतःचा फोटो एकही मिळाला नाही, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच गळ्यात असायचा. शेवटी एक ओळ टाकली, 'अखेरच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक.' (ही ओळ ते पाहुण्यांना इतकी वर्षं ऐकवत आले होते, की आता त्यांचाच तिच्यावर विश्वास बसला होता.)

तीन दिवस पेजवर चिटपाखरू फिरकलं नाही. चौथ्या दिवशी वायरमनचा मेसेज आला आणि हेडक्लार्क चहा तसाच टाकून वाचायला बसले.

"फोटोंत आम्ही तिघंच दिसतो, ते फोटो कुठून उचलले? चौथा मेंबर असशील तर सांग, शेवटच्या स्पर्धेत कितवा नंबर आला होता?"

"दुसरा," हेडक्लार्कनी तत्काळ उत्तर दिलं.

"डॉक्टर, मास्तर, हा भामटा आहे. तक्रार ठोका."

संध्याकाळपर्यंत पेज बंद पडलं. डॉक्टरांनी तर आपल्या सगळ्या पेशंटना सावधगिरीची सूचनाही पाठवून दिली. हेडक्लार्क अंगणाच्या पायरीवर जाऊन बसले.

"अहो, जेवायचं नाही का?" बायको दारात येऊन म्हणाली.

"मला ओळखलं नाही गं त्यांनी. इतकी वर्षं एका शेगडीभोवती उभे होतो."

"कसे ओळखतील? धडधडीत खोटं लिहिलंत. तुमचा अकरावा नंबर आला होता."

"अकरावा? तो कसा?"

"टीमच अकरा होत्या म्हणून. पंधरा असत्या तर पंधरावा आला असता. वायरमन भावजींनी बजावलं होतं, दोन तास झाकण उघडायचं नाही. तुम्ही फोटोसाठी नऊ वेळा उघडलंत. कोंबडी राहिली कच्ची. परीक्षकांनी एक घास घेतला आणि हळूच रुमालात ठेवला."

 मग हेडक्लार्कना सगळंच आठवलं. मैदान रिकामं झालं होतं, आणि ही मंडळी नुसता पाव आणि कांदा खात बसली होती. मास्तर हसता हसता खुर्चीवरून पडले होते, आणि घरी जायचं नाव कोणी काढत नव्हतं. त्या दुसऱ्या नंबरच्या नादात एवढी सोन्यासारखी संध्याकाळ आपण पार विसरलो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"मी काढते नवीन पेज," बायको म्हणाली. "पण पहिली ओळ तुम्ही लिहायची. आणि खरी लिहायची."

तिचं पेज दहा मिनिटांत तयार झालं. (हेडक्लार्कनी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय का, ते तपासलं.) मग चष्मा दोनदा पुसून त्यांनी लिहिलं, 'आमचा अकरावा नंबर आला होता. झाकण मी उघडलं होतं, नऊ वेळा. चुकलो. तुम्ही या रे सगळे.'

पाच मिनिटांत फोन वाजला. "माणूस खरा आहे," पलीकडून वायरमन कोणाला तरी सांगत होता. मग हेडक्लार्कना म्हणाला, "रविवारी येतो. शेगडी आहे का अजून?"

"आहे ना," हेडक्लार्क म्हणाले. आणि फोन बायकोच्या हातात देऊन ते शेगडी पुसायला अंगणात गेले.

रविवारी तिघंही आले. मास्तरांना आता शिट्टी फुंकताना धाप लागत होती, तरी ते फुंकत राहिले. अंधार पडला तरी कोणी उठेना.

इकडे हेडक्लार्कचा कबुलीजबाब फिरत फिरत कुठल्या कुठे पोचला. कधी न पाहिलेल्या टीम पेजवर येऊन हसून गेल्या, आपापल्या फजित्या सांगून गेल्या. महिन्याभरात एका मोठ्या स्पर्धेचं रीतसर निमंत्रण आलं. हेडक्लार्कनी ते सगळ्यांना उभं राहून, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. शेवटच्या दोन ओळींना मात्र आवाज जरा खाली आला.

'आपल्या टीमसाठी मैदानात शेगडीची जागा राखून ठेवली आहे. झाकणवाल्या काकांसाठी दोरीच्या पलीकडे, प्रेक्षकांत, वेगळी खुर्ची मांडली आहे.'