नाव गादीवर बसविल्याची हकीकत

श्रीसमुद्र प्रसन्न. ज्याने राज्ये गिळली आणि ढेकर दिला नाही, त्या खाऱ्या पाण्यास नमन करून लिहितो. शके सोळाशें बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरे, वैशाख मासीं एका किनाऱ्याच्या राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

त्या राज्यात थोरल्या महाराजांपासून नेम होता की, अशुभ शब्द तोंडातून काढू नये. काढील त्याची जीभ सरकारजमा. म्हणोन फुटले त्यास 'वाढले' म्हणावे, गळले त्यास 'घाम आला' म्हणावे, बुडाले त्यास 'बसले' म्हणावे. ऐसे करिता आरमार इतके वाढले आणि बसले की, धाकटे महाराज गादीवर आले तेव्हा मोठी तीन गलबते मात्र उरली, आणि रयतेच्या होड्या तर दरबारास शोभत नाहीत म्हणून आधल्या साली होळीत घातल्या होत्या.

मग काय जाहले, महाराजांची वडील बहीण आक्कासाहेब, जिने आई गेल्यावर महाराजांस मांडीवर घेऊन भरविले, ती समोरच्या बेटावर किल्लेदार होती. तिकडून एक माणूस पोहत आला आणि मुजरा करून म्हणाला, "महाराज, बेटावरचे टाके वाढले." महाराज संतोष पावले आणि साखर वाटविली. दुसरे दिवशी दुसरा आला आणि म्हणाला, "टाके ऐसे वाढले की पाणी सारे खडकात गेले. पिण्यास घोट नाही." तेव्हा महाराजांचा चेहरा उतरला आणि साखर परत मागविली.

बेटाभोवती खडक, त्यांतून गलबत जाईना. जाईल ऐसी एकच नाव, आजेमहाराजांची शिडाची लहान नाव, ती तीस वर्षे कोठीत पालथी होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालीत. मग विसू मेस्त्रीस आणविले. त्याने कोंबड्या उठविल्या, कुजल्या फळ्या काढून सागाच्या घातल्या, सांध्यांत कापूस ठासला, वरून राळ आणि तेल चोपडले, डोलकाठी उभी केली, शिडास ठिगळे लाविली आणि म्हणाला, "लाकूड तीस वर्षे तहानले आहे, कारभारी. दोन रोज नाव बसवून ठेवा. फळ्या पाणी पिऊन फुगतील आणि सांधे मिटतील. मग खुशाल न्या." ऐसे बोलून आपल्या गावी गेला.

कारभारी बाबाजीपंत बहुत दक्ष. त्यांनी नाव दरबारात आणविली, गादी घालविली, लोड लावविला, आणि नाव बसविली, आणि तिच्या टोकापुढे चांदीच्या पेल्यात पाणी ठेविले. दोन रोज चवऱ्या ढाळिल्या. तिकडे बेटावर आक्कासाहेब ओल्या फडक्याने शिबंदीच्या पोरांचे ओठ पुसत होत्या. मग फडकेही सुकले.

तिसरे दिवशी विसू परतला आणि पाहतच राहिला. "पंत, हे काय?"

"बसविली. तुम्हीच म्हणालात."

"अहो, बसवा म्हणजे बसवा!"

"मग ही काय उभी आहे?"

"पाण्यात बसवा हो, पाण्यात!"

"महाराजांची नाव पाण्यात बसवू?" पंत हळूच म्हणाले. "मेस्त्री, जीभ नकोशी झाली काय?" तेव्हा विसूने जीभ दातांमागे ठेविली आणि म्हणाला, "बरी बसली आहे."

मग पाण्याच्या पखाली भरल्या आणि धर्मा तांडेल तीन गडी घेऊन निघाला. महाराज बुरुजाखाली उभे, आणि वरून टेहळ्या ओरडे.

"नावेस घाम येतो!"

"येणारच," महाराज म्हणाले, "मेहनतीचे काम आहे."

"गडी ओंजळीने घाम बाहेर टाकतात!"

"शाबास."

"महाराज, नाव बसली!"

"कशावर?"

पंत म्हणाले, "आपल्या जागी बसली असेल." आणि तोफा सोडविल्या. महाराजांस कळले नाही ऐसे नाही. टाक्याचा अनुभव ताजा होता. परंतु कळण्यास परवानगी नव्हती. तोफा ऐकून बेटावरची माणसे आनंदाने पाण्याकाठी येऊन उभी राहिली, आणि उभीच राहिली.

पुढे चार दिवसांनी बेटावर पोहणारा पाठविला, तो परत येऊन खाली पाहू लागला.

"आक्का कशी आहे?" महाराज म्हणाले.

"आक्कासाहेब वाढल्या, महाराज."

"धन्य!" पंत म्हणाले. "लुगडी लांब विणवावी लागतील."

तेव्हा महाराज गादीवरून उतरले, भुईवर बसले आणि वदले, "आक्का मेली. नाव गळली आणि बुडाली, आणि माझी आक्का तहानेने मेली." दरबाराने कानांवर हात ठेविले. दाराशी विसू मेस्त्री उभा होता, त्याने मात्र ठेविले नाहीत. तो म्हणाला, "होय महाराज. बुडवूनच ठेवायची होती."

एवंच, शब्द सांभाळिले, माणसे राहिली नाहीत. ते राज्य पुढे लवकरच वाढले. इति.