माडापुरता वारा

आधी अंगणात पवनचक्कीची तीन पाती होती, एक शेपूट, एक बॅटरी, एक बारा व्होल्टचा दिवा आणि एकोणीस बोल्ट. विसावा बोल्ट अविनाशने होडीच्या इंजिनाचा काढून दिला. आता बॅटरी पडवीत होती आणि बाकीचं सगळं माडाहून थोड्या उंच लोखंडी खांबावर. सकाळपासून त्यातलं काहीही हललं नव्हतं.

वर्षा मूळची डिचोलीची, पदार्थविज्ञानाची पदवीधर, लग्न होऊन केरीला आलेली. गोवा राज्य होऊन सहा वर्षं झाली होती, पण केरीत ढग गडगडले की वीज जायचीच. गेल्या वर्षी अशाच अंधारात तिच्या नवऱ्याची, अविनाशची, होडी तेरेखोलच्या मुखाशी वाळूत रुतून कलंडली. तो पोहत बाहेर आला. तेव्हापासून वर्षाला एकच हवं होतं, वीज गेली तरी किनाऱ्यावर जळत राहील असा दिवा. पणजीच्या एका ऑफिसने पवनचक्की चाचणीपुरती दिली होती. आज तीनला साहेब बघायला येणार होते. चक्की फिरली तर ती केरीत राहणार, नाहीतर तालुक्यातल्याच चोपडे गावाला जाणार.

तारीख वर्षानेच मागून घेतली होती. ऑगस्टच्या या आठवड्यात वारा सगळ्यात जोरात असतो, हे तिने नीट पाहून ठरवलं होतं. कॅलेंडरवर त्याच तारखेखाली बारीक अक्षरांत छापलेली तिथी मात्र तिने पाहिली नव्हती.

"कालपर्यंत कशी गरगर फिरत होती," वर्षा मान वर करून म्हणाली. "आजच काय झालं?"

"आज पुनव न्हय?" सासूबाई वत्सला मासे साफ करता करता म्हणाल्या. "सकाळी दर्याक नारळ दिलो. उद्यां होड्यो भायर पडतल्यो. तुझ्या सासऱ्यान गाराणां घातलां, वारो बांधून घाल म्हाराजा. सगळ्या गावान 'व्हय म्हाराजा' म्हटलां. तूवय म्हटलंस."

वर्षाला आठवलं. तिने म्हटलं होतं, आणि चांगलं मोठ्याने म्हटलं होतं.

ती धावत सासऱ्यांकडे गेली. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान भैरूचा. आज तो खुशीत होता, कारण समुद्र विहिरीसारखा शांत पडला होता.

"बाबा, गाऱ्हाणं मागे घ्या ना. संध्याकाळपर्यंतच."

"गाराणां म्हणजे काय नळ गो? सोडलो, बंद केलो? एकदा घातलां की घातलां."

"मग तुमच्या मुलाचा दिवा चोपड्याला जाईल."

भैरूने विडी विझवली. "मागे घेवक येवचां नाय," तो म्हणाला. "पण फुडे वाडवूक येता."

वर्षाचा यावर विश्वास नव्हता. पण साहेबांची जीप कुठल्याही क्षणी येणार होती आणि दुसरा उपाय तिच्या पुस्तकांत नव्हता. चार घरची माणसं खांबाखाली जमली. भैरूने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! दर्यावरचो वारो सकाळी सांगितलंय तसो बांधलेलोच ऱ्हवांदी!"

"व्हय म्हाराजा!"

"पण माडाच्या शेंड्यार, फकत शेंड्यार, थोडो सोड..."

"रावा, रावा!" गर्दीतून बाबली हात आडवा करत पुढे आला. सगळ्या वाड्याचे नारळ तोच पाडायचा. "भैरूकाका, माडार वारो सोडतास, आणि मी वर आसलंय तर? माजी बायल मागीर पवनचक्कीवांगडा संसार करतली?"

मुद्दा बिनतोड होता. भैरूने पुन्हा हात जोडले. "बाबली माडार आसताना मात्र सोडू नुको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबलीचा होता.

झावळी हलली. पात्यांनी एक गिरकी घेतली, मग दुसरी, आणि खांबावरचा दिवा लागला. वर्षाने पडवीतला मीटर पाहिला; काटा वर चढला होता. तेवढ्यात जीप आली.

साहेबांनी वारा मोजायचं छोटं यंत्र अंगणात धरलं. त्याच्या वाट्या हलल्या नाहीत. "खाली शून्य, आणि वर फिरतंय? वरचा वेग मोजावा लागेल. माडावर कोण चढतं इथे?"

सगळ्यांनी बाबलीकडे पाहिलं. वर्षा घाईघाईने पुढे झाली.

"साहेब, दुसरं कुणी नाही चालणार?"

"का? हा चढत नाही?"

"चढता," वत्सला म्हणाल्या. "पण तो चढलो की वारो थांबतलो."

साहेबांनी वर्षाकडे पाहिलं. "तुम्ही सायन्सच्या ना?"

वर्षाने मान हलवली आणि खाली घातली.

बाबली यंत्र कमरेला खोचून चढला. तो शेंड्याला पोचला आणि पाती मंदावली, मग थांबली. "साहेब, शून्य!" तो वरून ओरडला. तो उतरला, त्याचा पाय जमिनीला लागला, आणि पाती फिरू लागली.

"योगायोग," साहेब म्हणाले. "पुन्हा चढ."

पुन्हा तेच झालं. साहेबांनी रुमालाने मान पुसली. "अजून एकदा."

"मगे आता नारळ तरी पाडतंय," बाबली म्हणाला. "फुकट किती चडू?"

तिसऱ्यांदा चार नारळ पडले आणि चक्की थांबली. "हे असं मी वर काय कळवू?" साहेब जीपच्या बॉनेटवर कागद आपटत म्हणाले. "एका माणसावर अवलंबून असलेलं यंत्र! चोपड्याला तरी असला कुणी नसेल."

इतका वेळ जाळं विणत बसलेला अविनाश तेव्हा उठला.

"साहेब, दिवो माका रातचो होयो. रातचो बाबली माडार चडना."

साहेबांनी बाबलीकडे पाहिलं.

"देवाशपथ चडनंय," बाबली म्हणाला.

साहेबांनी पेनचं टोपण चावलं. मग चक्की केरीतच ठेवावी असं लिहिलं आणि वर्षाने दर खेपेला टिपलेले मीटरचे आकडे विचारून खाली निरीक्षणं भरली.

बाबली माडावर, तीन वेळा: शून्य अँपिअर.

बाबली जमिनीवर, तीन वेळा: दोन पूर्णांक चार अँपिअर.