पुंजाजींचे जावईबापू

पुंजाजी मापारी रोज सकाळी तोंड धुऊन झाले की आपल्याच घरासमोर रस्त्यावर उभे राहत, डोईचे पागोटे सारखे करीत, दोन्ही हात जोडीत आणि त्या घराला मोठ्या अदबीने विचारीत, "जावईबापू, आज काय पायजे?"

घर बोलत नसे, हे सांगायला नको. परंतु उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून पुंजाजी सुताराकडे, गवंड्याकडे किंवा लोहाराकडे चालू लागत. रिसोडच्या आमच्या गल्लीत ही करमणूक फुकटची होती, आणि तिचा सर्वांत नियमित प्रेक्षक मी होतो. माझी ओसरी त्यांच्या घराला लागूनच. शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी मी तेथे बसे आणि पुंजाजींना ऐकू जाईल इतपतच मोठ्याने हसे. आज पन्नाशी ओलांडल्यावर ते माप मला जितके अचूक आठवते, तितकी त्या काळी मुलांना शिकवलेली एकही कविता आठवत नाही.

पुंजाजींचा जन्म बाजारात दुसऱ्यांचे धान्य मोजण्यात गेला होता. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो, आणि मग दोन, तीन असे पुढे जातो. पुंजाजींच्या जिभेला तो 'लाभ' असा चिकटला होता की रस्त्यात ठेच लागली तरी ते "लाभ!" म्हणूनच अंगठा चोळीत.

बायको लवकर गेलेली. एकुलती एक मुलगी गिरजा रिठदला दिलेली. त्या वेळी पुंजाजी आमच्याच गल्लीत भाड्याच्या एका खोलीत राहत. पहिल्या दिवाळसणाला जावई किसनराव आले, तेव्हा त्यांना निजायला जागा नव्हती, म्हणून त्यांचे अंथरूण माझ्या ओसरीवर पडले. रात्री कोणाच्या तरी थट्टेवरून बिनसले, असे मी पुढे ऐकले आणि ऐकून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी किसनराव अभ्यंगस्नानालाही थांबले नाहीत. सासऱ्याचे स्वतःचे घर होईतो मी या गावात पाय ठेवणार नाही, बायकोही पाठवणार नाही, असे बजावून ते गिरजेला घेऊन गेले. तेव्हापासून पुंजाजी वर्षातून एकदा रिठदला जात, लेकीच्या ओट्यावर टेकत, पाणी पीत आणि परत येत. गिरजेने एक दिवाळी माहेरी करावी, एवढे एकच मागणे त्या माणसाला उरले होते. त्यासाठीच त्यांनी जन्माची पुंजी मोडून घर घेतले.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. कापसाच्या एका अडत्याने माझ्या शेजारी टिनाच्या छपराचे घर बांधले आणि राहायला जाण्याआधीच, भाव बसल्यामुळे, विकायला काढले. सौदा झाला त्या दिवशी पुंजाजी धावत माझ्याकडे आले. "नवंकोरं घर हाय, मास्तर! कोनाचा पाय बी लागला नाई!"

ते अक्षरशः खरे होते. पाय लागायला पायऱ्याच नव्हत्या. जोते छातीइतके उंच, आणि दार त्याच्याही वर. पुंजाजी अडत्याकडे गेले, तर तो म्हणाला, "पुंजाजी, मी घर इकलं. पायऱ्या घराच्या भायेर येतात." या न्यायशास्त्राला हात जोडून पुंजाजी परतले. गृहप्रवेशाला बैलगाडी उलटी लावून जोत्याला भिडवली गेली. भटजी एका हाताने धोतर आणि दुसऱ्या हाताने कलश सावरीत वर चढले. अशी शोभा आमच्या गल्लीने त्यापूर्वी पाहिली नव्हती.

पायऱ्या झाल्या. "लाभ!" म्हणाले पुंजाजी. मग कळले की न्हाणीला पाणी बाहेर जाण्याची वाटच ठेवलेली नाही; पहिल्या आंघोळीचे पाणी पुंजाजींच्या सोबत घरातच मुक्कामाला राहिले. भिंत फोडून नाली काढली. "लाभ!" पावसाळ्यात ओल्या लाकडाची दारे फुगली. पुंजाजी तीन दिवस खिडकीतून ये-जा करीत होते आणि भेटेल त्याला सांगत होते, "जावईबापू रुसले बाप्पा. तोंड उघडून नाई राह्यले." चैत्रात वावटळीने टिन उचलले, तेव्हा छपरावर दगड ठेवावे लागले, दगडांनी टिनाला भोके पाडली, तेव्हा भोकांवर डांबर. पुंजाजी प्रत्येक वेळी "लाभ!" म्हणत. 'दोन' कधीच आले नाही. त्यांच्या लेखी प्रत्येक खर्च पहिलाच असे, आणि पहिला असल्यामुळे शुभ असे.

असा माणूस हा मूर्खपणाने काठोकाठ भरलेला मापाचा कुडव आहे, असे माझे तेव्हाचे मत होते. ते मी चारचौघांत, चांगल्या मराठीत मांडत असे. गल्लीही मागे नव्हती. "काहो पुंजाजी, खरा जावई मोठा का टिनाचा?" असे पोरेसोरेसुद्धा विचारीत. दिवाळी जवळ आली की पुंजाजी म्हणत, "औंदा आनतो गिरजाले. फकस्त एवढं एक झालं की..." आणि ते एक होईतो दिवाळी निघून जाई. अशा तीन दिवाळ्या गेल्या. गिरजेला माहेर तुटून आता सात वर्षे झाली होती.

त्यांच्या त्या न संपणाऱ्या खर्चात माझाही एक आहेर आहे, तो लपवू नये. चौथ्या वर्षीच्या पावसाळ्यात मी त्यांना चिठ्ठी धाडली: 'आपल्या टिनावरील पाणी माझ्या अंगणात पडते, तरी आठ दिवसांत पन्हळ बसवावी.' ज्या जागी ते पाणी पडे, तेथे धोतऱ्याच्या एका झुडपाशिवाय काहीही नव्हते. पुंजाजींना वाचता येत नसे. चिठ्ठी त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतली आणि मी ती त्यांना दोनदा, सावकाश, वाचून दाखवली.

आठव्या दिवशी ते स्वतः शिडीवर चढून पन्हळ ठोकीत होते. मी ओसरीवरून म्हणालो, "पुंजाजी, हे घर तुमच्या जन्मात पुरे व्हायचे नाही. जा आणि मुलीला घेऊन या."

"कसं आनू जी? किसनरावाले बोट ठेवाले जागा नाई राह्यली पायजे."

"एवढा कोण लागून गेला तुमचा जावई? कोणीतरी थट्टा केली, आणि सात वर्षे रुसून बसायचे?"

पुंजाजींचा हातोडा थांबला. ते माझ्याकडे न पाहता, खिळा तोंडातून काढून म्हणाले, "कोनीतरी नाई, मास्तर. तुमीच तं म्हनलं होतं. 'वाड्याचे जावई पाहिले, मळ्याचे पाहिले, ओसरीचा जावई मात्र हा पहिलाच.' सारी गल्ली हासली. किसनराव लेकरूच ते, रातभर जागं होतं."

मला काहीच आठवत नव्हते. पण वाक्याची ठेवण माझीच होती. अर्धवट झोपेतही मी तिला ओळखले असते. सात वर्षे ते वाक्य या माणसाने अक्षर न बदलता, माझ्या शुद्ध मराठीसकट, जपून ठेवले होते.

"तुमचं काय चुकलं म्हना," पुंजाजी म्हणाले. "ओसरी तुमची, बोलनं खरं. मले घर नव्हतं." आणि मग, "पन्हळ आनखी बोटभर तिकडं सरकवू का?"

त्या दिवाळीच्या आदल्या दिवशी भल्या पहाटे मी कोणाला न सांगता बैलांची दमणी जोडून रिठदला गेलो. किसनराव गोठ्यात वैरण टाकीत होते. वाटेत बेतलेली माझी क्षमायाचना चांगली लांब होती. तिची पहिली दोनच वाक्ये मला आठवली. त्यांनी ती ऐकून घेतली, हातची वैरण संपवली आणि म्हणाले, "बोलाले एक पलक लागलं, मास्तर. रिठदले याले सात वर्सं लागली." आणि ते हात धुऊन दमणीकडे निघाले. तोवर गिरजेने गाठोडे बांधून पाच वर्षांच्या मुलीसह ते दमणीत ठेवलेसुद्धा होते. आपल्याला कोणी विचारील, याची तिने वाटच पाहिली नाही.

दिवस कलताना आम्ही गल्लीत शिरलो. पुंजाजींच्या घरावर छप्परच नव्हते. टिनाखाली जावयाला ऊन लागेल म्हणून लाकडी छत घालायचे त्यांनी माझ्या पाठीमागे ठरवले होते. सुताराने टिने उतरवली आणि दिवाळी झाल्यावर येतो म्हणून तो इंझोरीला आपल्या घरी निघून गेला होता. पुंजाजी भिंतीवर उभे राहून रिकाम्या आढ्याकडे पाहत होते.

दमणीतून गिरजा उतरली. भिंतीवरून आवाज आला, "लाभ." मग नात उतरली. "दोन." मग किसनराव. "तीन," पुंजाजी म्हणाले. मग त्यांना उघडे आभाळ आठवले. ते भिंतीवरच बसले आणि घराच्या डोक्यावर थाप मारून ओरडले, "जावईबापू, आजच का जी?"

किसनरावांनी घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. पायऱ्या पाहिल्या, नाली पाहिली, दारे पाहिली, माझी पन्हळ पाहिली. मग ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, ओसरी मोकळी हाय का?"

सर्वांत आधी गिरजा हसली.

पहाटे मी स्वतः चूल पेटवून अभ्यंगस्नानाचे पाणी तापवले. तांबे घेऊन ओसरीवर आलो, तर पुंजाजी माझ्या अंगणात, आपल्या घराकडे पाठ करून उभे होते. त्यांनी पागोटे सारखे केले, हात जोडले आणि अंथरुणावर नुकत्याच उठून बसलेल्या माणसाला विचारले, "जावईबापू, आज काय पायजे?"

किसनराव ओशाळले. "काई नाई, मामाजी."

असले उत्तर पुंजाजींना चार वर्षांत मिळाले नव्हते. त्यांचे हात जोडलेलेच होते.

"असं कसं?" ते म्हणाले. "काईतरी मांगा नं जी."