एक झाकण, बस्स!

वॉशिंग मशीन घरात आलं त्या दिवशी हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं, की काही झालं तरी बायकोचं कौतुक करायचं नाही. निर्णय तसा छोटाच होता. मशीन बायकोच्या कमाईचं होतं, चांगलं दणकट होतं आणि चालू केलं तरी आवाज करत नव्हतं. साहेबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "रंग जरा वेगळा चालला असता."

"पांढऱ्यात वेगळा कुठला हवा होता?" बायकोने विचारलं.

साहेबांना उत्तर सुचलं नाही. (घरात त्यांना कधीच सुचत नसे. ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुचे आणि बिचाऱ्या ज्युनियर क्लार्कला ऐकून घ्यावं लागे.)

त्यांच्या पोटात का दुखत होतं ते सरळच सांगतो. बायको घरबसल्या डाग काढायच्या औषधाच्या बाटल्या विकायची. कंपनीचा माल थेट तिच्याकडे येई, ती बायकांना घरी बोलावून डेमो देई आणि विक्रीवर कमिशन मिळवी. सुरुवातीला साहेब म्हणाले होते, "असल्या धंद्यात तुझा चहासाखरेचा खर्चसुद्धा निघायचा नाही." तो निघाला. मग नवे पडदे निघाले, मिक्सर निघाला आणि आता हे धूड. पैशांचं एक वेळ त्यांनी गिळलं असतं. पण पूर्वी जिन्यात बायका तिला 'साहेबांच्या मिसेस' म्हणत, आणि आता त्याच बायका त्यांना 'बाटलीवाल्या वहिनींचे मिस्टर' म्हणू लागल्या होत्या. हे मात्र घशाखाली उतरेना. आपल्याच बायकोचा हेवा करतो याची त्यांना लाजही वाटे, पण लाजेने हेवा काही कमी होत नव्हता.

डेमोच्या वेळी त्यांना बेडरूममध्ये बसून राहावं लागे. दाराआडून ऐकून ऐकून बायकोचं सगळं बोलणं त्यांना पाठ झालं होतं. "एक झाकण औषध, अर्धी बादली पाणी. एक झाकण, बस्स!" यात काय मोठं, हे तर मीही करीन, असं ते उशीला सांगत.

आणि एक दिवस संधी चालून आली. बायको कंपनीच्या मीटिंगला गेली होती, साहेब रजा टाकून घरी होते आणि वरच्या मजल्यावरच्या हेडबाईंचा फोन आला. बाई शाळेतून रिटायर झाल्या होत्या, पण अख्खी बिल्डिंग अजून त्यांच्या वर्गात असल्यासारखी वागे. त्यांनी घेतलं की सगळे घेणार, म्हणून बायको कधीची त्यांच्या मागे लागली होती.

"वहिनींना म्हणावं, आज डेमो दाखवत असाल तर बघते."

"ती बाहेर गेलीय. मी येतो."

"तुम्ही?"

"अहो, तिला शिकवलं कोणी?" (थाप मारताना साहेबांचा आवाज फार भारदस्त होतो.)

हेडबाईंची ऑर्डर आणायची आणि संध्याकाळी बायकोसमोर अगदी सहज टाकायची, या विचारानेच त्यांना गुदगुल्या झाल्या. ते तयारीला लागले. डेमोची बाटली बायको सोबत घेऊन गेली होती. पण बाटली भरायला लागणारं औषध ती गॅलरीत एका मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवी, ते सापडलं. डब्याचं झाकण चांगलं ताटाएवढं होतं. साहेबांनी ते काठोकाठ भरून बादलीत ओतलं. झाकण म्हणजे झाकण!

हेडबाईंचा सोफा गर्द निळा होता आणि त्यावर गुलाबाची फुलं होती. साहेबांनी खिशातलं शाईचं पेन काढलं आणि सोफ्यावर झटकलं.

"अहो, हे काय करताय?"

"डाग पाडतोय."

"पाडताय कशाला? आमच्याकडे आधीचे होते की!"

"जुन्या डागांनी तुमची खात्री पटणार नाही," असं म्हणून साहेबांनी फडकं बुडवलं आणि घासायला सुरुवात केली. फेस आला. मग आणखी फेस आला. डाग गेला, हे कबूल केलंच पाहिजे. त्याच्या पाठोपाठ एक गुलाब गेला. मग त्याच्या शेजारचा गेला.

"अहो, फुलं चालली!"

"कच्च्या रंगाची असणार," साहेब म्हणाले, पण आवाजातला भारदस्तपणा निम्म्यावर आला होता.

तेवढ्यात हेडबाईंचे मिस्टर आतून आले. त्यांना ऐकू कमी यायचं आणि पेपर डोळ्यांसमोर होता. ते रोजच्या जागी, म्हणजे नेमके फेसात, टेकले.

"उभे राहा!" हेडबाई कडाडल्या.

दोघेही ताठ उभे राहिले. मिस्टरांची काळी पँट मागून पांढरी होऊ लागली होती. हेडबाईंनी ती पाहिली, सोफा पाहिला आणि साहेबांकडे बोट करून म्हणाल्या, "तुम्ही वर्गाबाहेर!"

बायको येईपर्यंत साहेब जिन्यात बादली धरून उभे होते. घरी जावं तर हेडबाईंनी जायला सांगितलं नव्हतं. येणारीजाणारी प्रत्येक बाई थांबे, काय झालं ते विचारी आणि मग हेडबाईंच्या दारातून सोफा पाहून येई.

बायकोने घरी आल्यावर एवढंच विचारलं, "कुठलं झाकण?" साहेबांनी दाखवलं. ती तशीच वर गेली आणि सोफ्याचं कापड नवीन घालून द्यायचं कबूल करून आली. आपल्या जळफळाटापायी तिचा जमलेला धंदा बसला, या विचाराने साहेब अर्ध्या जेवणातून उठले.

पण धंदा बसला नाही. दुसऱ्याच दिवसापासून फोन खणखणू लागला. पहिली ऑर्डर खुद्द हेडबाईंची. मग शेजारच्या काकूंची, मग तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंची. आणि गंमत म्हणजे कोणालाच डेमो नको होता! साहेबांच्या मनातली मळमळ हळूहळू ओसरली आणि छाती फुगू लागली. ऑफिसात त्यांनी ज्युनियर क्लार्कला सांगितलं, "एकच डेमो दिला, पण असा दिला की बिल्डिंग हलली." घरी ते बायकोला म्हणाले, "आजवर एवढी विक्री झाली होती कधी?"

"नाही हो, कधीच नाही," बायको मनापासून म्हणाली. साहेबांना त्या रात्री गाढ झोप लागली. राजीनामा देऊन पूर्ण वेळ विक्रीत पडावं की काय, इथवर त्यांची मजल गेली.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ते जिना चढत असताना एक दार किलकिलं झालं. त्यांना पाहताच ते धाडकन बंद झालं, पुन्हा जरासं उघडलं आणि फटीतून एक हात आणि हातात बाटली बाहेर आली. "घेतली हो आम्ही! कालच घेतली! ही बघा!"

साहेब गोंधळून घरी आले. बायको फोनवर होती.

"छे छे, काकू, आग्रह मुळीच नाही. मनात शंका असेल तर घेऊच नका. हे ऑफिसातून आले की बादली घेऊन डेमोला पाठवते... काय म्हणता? दोन बाटल्या? बरं, लिहून घेते."

फोन ठेवून ती वळली. दारात साहेब उभे होते आणि त्यांचा चेहरा साफ पडला होता. ती क्षणभर चपापली, पण क्षणभरच.

"आलात? बरं झालं. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये एक फेरी मारून येता का?"

साहेबांच्या जिवात जीव आला. "येतो की! काय सांगू त्यांना?"

"काही सांगू नका. बादली तेवढी हातात असू द्या."