पथ्याचा डबा

शर्टाचं बटण तटकन उडून मेहुण्याच्या चहात पडलं, तेव्हाच मामांनी ठरवलं, आता पोट कमी करायचं म्हणजे करायचंच!

(मामा म्हणजे औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळेतले शिपाई. तिथे लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणत. घरी बायको 'अहो' म्हणे, पण तेही पोटाकडे बघून.)

उपाय हाताशीच होता. प्रयोगशाळेतल्या मॅडम कसल्याशा पाल्याचा अर्क उंदरांना पाजून बघत होत्या. पिंजरे मामाच साफ करत. उजवीकडचे उंदीर टम्म फुगले होते आणि अर्क पिणारे डावीकडचे कसे चपळ, सडपातळ! उरलेला अर्क मोरीत ओतायचा असे. मोरीपेक्षा आपलं पोट काय वाईट, असा मामांनी विचार केला आणि बाटली घरी आणली.

पण मामा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. औषध म्हटलं की पथ्य आलंच! डावीकडचे उंदीर अर्काबरोबर तपकिरी वड्या खात. उरलेल्या वड्यांचा डबाही घरी आला. (उजवीकडचे उंदीरही त्याच वड्या खात होते. पण औषध न घेता नुसतं पथ्य पाळून कुणी बरं झालंय का?)

अर्क कडू जहर होता. वड्या मात्र अहाहा! जिभेवर ठेवताच विरघळायच्या.

"असलं पथ्य असेल तर मी जन्मभर आजारी राहीन," म्हणत मेहुण्यानेही डब्यात हात घातला. बायकोचा हा धाकटा भाऊ चार दिवसांसाठी म्हणून आला होता आणि अजून हलायचं नाव घेत नव्हता.

"अरे, आधी अर्क घे!"

"छे हो भावोजी! औषध तुम्ही घ्या, पथ्य मी सांभाळतो."

महिना होतो न होतो तोच मामांची पँट गुडघ्याच्या वर चढेना. जिना चढताना धाप लागू लागली.

"अहो, हे औषध बारीक व्हायचंच आहे ना?" बायकोने विचारलं.

मामांच्या पोटात गोळा आला. (जागा भरपूर होती.) अर्क उलटला! मॅडमना सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर जीव.

"नोकरी गेली तर दुसरी मिळेल," बायको डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही दुसरे कुठून आणू मी?"

मामा तसेच उठले आणि मॅडमसमोर हात जोडून सगळं ओकून मोकळे झाले.

मॅडम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "पथ्य? अहो मामा, ते उंदरांना जाड करायचं खाद्य आहे! लोणी आणि साखर नुसती! ते खाऊनही अर्कामुळे वजन किती आवरतं, तेच तर बघतोय आपण!"

"म्हणजे... मी मरत नाही?"

"आधी दवाखान्यात जाऊन तपासून या. आणि पुन्हा कशाला हात लावलात, तर मीच मारीन!"

डॉक्टरांनी तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि मामांच्या जिवात जीव आला. मॅडमनी मात्र हळूच विचारलं, "अर्क न घेता नुसत्या वड्या कुणी खाल्ल्या नाहीत ना?"

मामांनी मेहुण्याला आणून काट्यावर उभं केलं. त्याचं वजन मामांच्या दुप्पट वाढलं होतं.

"अगदी उजवीकडचा उंदीर!" मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या.

मेहुण्याला हे भलतंच लागलं. त्याच संध्याकाळी तो बॅग भरून निघाला. जीव वाचला, नोकरी वाचली आणि मेहुणाही गेला! मामांना तर आनंदाने नाचावंसं वाटलं. (पँटने परवानगी दिली नाही.)

दुसऱ्या दिवशी शीळ घालत ते कोठीच्या खोलीत शिरले. दाराआड जुनीच पाटी होती, 'खाद्य घुशींपासून सांभाळा.' तिच्याखाली मॅडमच्या अक्षरात ताजा खडू उमटला होता, 'आणि मामांपासून.'