इथे गळतंय!

देवळातली घंटा आंधळ्या आईच्या डोक्यात पडली आणि तिला दिसू लागलं. समोर उभा असलेला मिशाळ, दणकट इन्स्पेक्टर पाहताच तिने हंबरडा फोडला, "माझा राजूऽऽ!" हॉलमधल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. खोटं कशाला बोलू, मीही रुमाल काढला होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "थांबवा!"

मी पिक्चर थांबवला.

"राजू पाच वर्षांचा असताना हिची दृष्टी गेली. बरोबर? मग हा घोडा हिने एका नजरेत ओळखला कसा? पाच वर्षांचा होता तेव्हापण मिशी होती का त्याला?"

"गळतंय," आवाज म्हणाला आणि अंधारात एका बोटाने हवेत फुली मारली. "हं, ऑपरेटर, चालू करा."

हे आमचे घाडीगावकर काका. एवढं लांबलचक आडनाव घ्यायला सोसायटीत कोणाला वेळ नाही, म्हणून घाडीकाका. आणि ऑपरेटर म्हणजे मी. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत आमची सोसायटी आहे. नदी इतकी जवळ की पुराच्या धास्तीने बिल्डरने हॉलसुद्धा पहिल्या मजल्यावर बांधला. त्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी सगळे मिळून पिक्चर बघतात. सोसायटीत लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायची एचडीएमआयची वायर फक्त माझ्याकडे निघाली, म्हणून मी ऑपरेटर झालो. माझ्या अंगी दुसरा कोणताही गुण असल्याचं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

पिक्चर कसा असावा याबद्दल सोसायटीचं एकमत आहे. डोक्याला ताप नको. म्हणजे हिरो एका बुक्कीत जीप उडवणार, व्हिलन बॉम्ब लावून स्वतःच गप्पा मारत बसणार आणि बॉम्बच्या शेवटच्या दहा सेकंदांत हिरो हिरॉइनला लग्नाचं विचारून, तिचा होकार घेऊन, वर पाण्याचा एक घोटही पिणार. असले पिक्चर निवडण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. अडचण एकच, घाडीकाका.

काकांची अख्खी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेली. तिथे रंगाचे पत्र्याचे डबे बनायचे आणि काका तपासणी खात्यात होते. डबा पाण्यात बुडवायचा, आत हवा सोडायची, कुठून बुडबुडा आला की लाल खडूने फुली मारून डबा बाजूला. तोंडाने म्हणायचं, "गळतंय." रिटायर झाल्यावर डबे सुटले, पण बोट काही स्वस्थ बसेना. "डबा काय आणि पिक्चर काय," काका म्हणतात, "आतलं बाहेर सांडता कामा नये."

एका पिक्चरमध्ये गावाला सात वर्षं दुष्काळ होता आणि हिरॉइन डोक्यावर हंडा घेऊन चालली होती. "थांबवा! हंडा रिकामा आहे. भरला हंडा असा नाचत नाही." पुढे गाणं लागलं तर मागे हे मोठं कारंजं. "थांबवा! दुष्काळ ना? मग ह्याला काय जांभूळच्या पाणी केंद्रातून लाइन टाकली?" हिरोला गोळी लागून तो कड्यावरून नदीत पडला आणि पुढच्या सीनमध्ये किनाऱ्याला लागला, तेव्हा तर काका उभेच राहिले. "मोठ्या पुरात माझी स्टीलची टाकी वाहून गेली, ती सापडली का अजून? आणि हा गडी इस्त्रीसकट सापडतो!" त्यावर मात्र सगळा हॉल हसला, कारण त्या पुरात प्रत्येकाचं काही ना काही गेलं होतं आणि इस्त्रीसकट कोणाचंच परत आलं नव्हतं.

हॉलसाठी पडदा घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो, तेव्हा मी चुकून काकांना बरोबर नेलं. काका पडद्याचं कापड उन्हाकडे धरून वीतवीत तपासत बसले. दुकानदार सिंधी, स्वभावाने गोड, पण अर्ध्या तासाने त्याचाही गोडवा संपला. शेवटी काकांना टाचणीच्या टोकाएवढं एक भोक सापडलं. "गळतंय!" काका विजयाने ओरडले. दुकानदाराने हात जोडले, "साईं, इतने छेद से क्या हीरोइन भाग जाएगी?" काकांनी त्यावर खरोखर विचार केला आणि दुसरं ठाण काढायला लावलं.

पण काकांचं चित्र शालनकाकूंशिवाय पुरं होत नाही. काका फुली मारणार आणि शेजारच्या खुर्चीवरून काकू भोक बुजवणार, हा त्यांचा लग्नापासूनचा खेळ. काकूंकडे सगळ्या भोकांना एकच बूच होतं.

"एका बॅगेत अकरा ड्रेस आले कुठून?"

"अहो, त्याची मावशी राहत असेल तिथे. तिने दिले."

"आणि हे हेलिकॉप्टर?"

"मावशीच्या मिस्टरांचं असेल."

"मावशी चालणार नाही! मावशी रिजेक्ट!" काका गरजायचे. इतक्या वर्षांत त्यांनी काकूंची मावशी एकदाही पास केली नाही. हल्ली काकू गप्प गप्प असायच्या, कोणी बोललं तर नुसत्या हसायच्या. पण काकांनी "गळतंय" म्हटलं की त्यांची मावशी न चुकता हजर व्हायची.

आता आम्ही ऐकून घेणारे किती आणि कुठवर ऐकणार? दोन तासांचा पिक्चर रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत चालायला लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या भोईर वहिनी एके दिवशी भडकल्या. "ऑपरेटर, मी शेवट कवा बगनार? मागच्या पिक्चरला हिरोचं लगीन व्हायच्या आदी माजा कुकर लावायचा टाइम झाला! काकांना सांगा, गप बसायचं असंल तर बसा, नायतर येऊ नका." मीटिंगमध्ये ठरावच झाला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम अर्थातच वायरवाल्याकडे आलं.

मी काकांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं, चेहरा खुललेला. "अरे, थोडक्यात चुकामूक झाली बघ! आत्ताच दादा येऊन गेला. खरवईवरून चालत आला, हातात हा एवढा फणस."

दादा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती आणि त्यांना पोचवायला मी स्वतः गेलो होतो. शिवाय आम्ही सगळे स्वेटर घालून फिरत होतो. या दिवसांत फणस कुठून येणार? काकांच्या संगतीत मलाही थोडी सवय लागलेलीच होती. "पण काकू, दादा तर..." मी तोंड उघडलं.

आतून काका आले. मला वाटलं, झालं, आता फुली. पण काकांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको.

"चहा तरी घेतला का हो त्याने?" काकूंनी विचारलं.

"घेतला ना. साखर कमी पडली म्हणाला."

"आणि फणस?"

"शेजारी दिला अर्धा. अर्धा आपण खाल्ला. विसरलीस? बोटं चिकट झाली म्हणून तेल लावलंस की."

काकूंनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली आणि समाधानाने आत गेल्या. पिक्चरमधला रिकामा हंडा ज्या माणसाने सोडला नाही, त्याने या गोष्टीतली सगळी भोकं माझ्यासमोर स्वतःच्या हाताने बुजवली होती.

काका मला जिन्यापर्यंत सोडायला आले. "दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "आता वाढलंय. वाद घातला की घाबरते, रडते. म्हणून मी म्हणतो, दादा आला, तर आला." मग म्हणाले, "कधी कधी मलापण ओळखत नाही. पाहुणा समजून विचारते, 'कोणाकडे आलात?' मी पण सांगतो, 'तुमच्याचकडे.' पण रविवारी बरी असते. पिक्चरला बसली की मला ओळखते. का ते डॉक्टरला विचारलं, त्यालापण सांगता येत नाही."

ठराव सांगायला माझी जीभ उचलेना. पण काकांनीच तो माझ्या तोंडावर वाचला. "बोलू नको म्हणतात ना? नाही बोलत. तोंडाला कुलूप. फक्त तिचा रविवार चुकवू नका."

त्या रविवारी पिक्चर असा निवडला होता की चाळणी बरी. काका मागच्या रांगेत, हात गुडघ्यांवर, ओठ घट्ट मिटलेले. बाजूला काकू, त्यांच्या पलीकडे भोईर वहिनी. हिरो जन्मतः मुका होता, तो वडिलांच्या फोटोसमोर गाणं म्हणाला. काका गप्प. हिरॉइन लंडनच्या विमानात बसली आणि शेतात उतरली. काका गप्प. दर भोकाला हॉलमधली डोकी मागे वळायची आणि पुन्हा पुढे व्हायची. पिक्चर बघण्याची मजाच गेली होती, पण ठराव आम्हीच केलेला, बोलणार कोण?

मग व्हिलनने हिरोला खड्ड्यात जिवंत पुरलं, वरून मिक्सरने सिमेंट ओतलं, आणि पुढच्याच सीनमध्ये हिरो लग्नमंडपात हजर! पांढरा सूट, गुळगुळीत दाढी. काकांच्या गळ्याची शीर फुगलेली मला लॅपटॉपच्या उजेडात दिसली. तरी माणूस हूं की चूं करेना.

तेवढ्यात काकू चुळबुळ करायला लागल्या. त्यांनी बाजूला बसलेल्या काकांकडे निरखून पाहिलं, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि खुर्ची भोईर वहिनींकडे सरकवली. "अहो वहिनी," त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "हे कोण येऊन बसलेत माझ्याजवळ? आमचे हे कुठे गेले?"

"आवो काकू, हेच की ते," वहिनी म्हणाल्या.

"हे नव्हेत. आमचे हे असे गप्प बसत नाहीत." काकू उठल्या आणि खुर्च्या धरत धरत दाराकडे निघाल्या. "मला घरी जाऊ द्या. ते वाट बघत असतील."

काका अर्धवट उठले. "शालन," ते हळूच म्हणाले. काकूंनी ओळख न दाखवता पाऊल आणखी वेगाने टाकलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. दिलेला शब्द मोडायची परवानगी मागत होते बिचारे, माझ्याकडे, वायरवाल्याकडे. डॉक्टरला न सांगता आलेलं मला त्या क्षणी कळलं. अंधारात काकू नवऱ्याला चेहऱ्याने ओळखतच नव्हत्या.

माझं बोट बटणाकडे गेलं, पण त्याआधी भोईर वहिनीच कडाडल्या, "ए ऑपरेटर, थांबव रं ते! काका, आवो बोला की! सिमेटातनं ह्यो पांढऱ्या सुटात आला कसा?"

"पण वहिनी, आपलं ठरलंय..."

"खड्ड्यात गेलं ठरलेलं! बोला!"

"गळतंय," काका म्हणाले. आवाज नीट फुटला नाही. त्यांनी घसा खाकरला आणि मग सगळी ताकद लावून ओरडले, "थांबवा! इथे गळतंय! सिमेंट ओतलं तेव्हा अंगात लाल शर्ट होता! हा सूट आला कुठून?"

दारात पोचलेल्या काकू थबकल्या. वळल्या. चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिथे आमचा ओळखीचा, जरासा वैतागलेला चेहरा आला.

"इथे बसलात होय! मी केव्हाची शोधतेय." खुर्च्या धरत धरत त्या परत आल्या आणि काकांच्या शेजारी बसल्या. "आणि एवढं ओरडायला काय झालं? त्याची मावशी राहत असेल मंडपाच्या बाजूला. तिने दिला सूट."

सगळा हॉल 'रिजेक्ट' ऐकायला थांबला होता. काकांचं बोट सवयीने हवेत वर गेलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि ते बोट खाली आणून हात काकूंच्या हातावर ठेवला.

"पास," काका म्हणाले.

मग नाक पुसत माझ्यावर खेकसले, "ऑपरेटर, झोपलात काय? चालू करा."

माझे डोळे भरून आले होते. बटण सापडायला जरा वेळ लागला.